प्रीप्रेस आणि डिजिटल इमेजिंग: पदवी निवडण्यापासून पहिल्या नोकरीपर्यंत

छापखान्यात एखादे काम बिघडले की सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असतो, 'फाइल कोणी तपासली होती?' डिझायनरने मांडणी केलेली असते, छायाचित्रकाराने चित्रे दिलेली असतात, ग्राहकाने प्रूफवर (छापण्याआधीच्या नमुन्यावर) सही केलेली असते आणि यंत्रचालकाने हाती आलेल्या प्लेटा, म्हणजे ज्यांवरून छपाई होते ते पत्रे, यंत्रावर चढवलेल्या असतात. या सर्वांच्या मधे उभे राहून, पडद्यावरची फाइल कागदावर नेमकी कशी उतरेल याची जबाबदारी घेणारा माणूस म्हणजे प्रीप्रेसचा माणूस. पुस्तकी मराठीत या टप्प्याला 'मुद्रणपूर्व प्रक्रिया' म्हणतात, परंतु छापखान्यात बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही, म्हणून या लेखातही प्रीप्रेस हाच शब्द ठेवला आहे. डिजिटल इमेजिंग ही याच कामाची जुळी शाखा आहे. कॅमेरा किंवा स्कॅनर यांतून चित्र मिळवणे, त्याचा रंग व तपशील राखणे आणि ते पुढच्या वापरासाठी तयार करणे, हा तिचा विषय.

या क्षेत्रात पदवी घ्यावी का, कोणती घ्यावी आणि पुढे काम कोठे मिळते, याविषयी नवख्यांना पडणारे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने तयार केलेली फाइल त्याच्यासमोर प्लेटवर आणि प्लेटवरून कागदावर जात नाही, तो अभ्यासक्रम कितीही देखण्या माहितीपत्रकासह आला तरी प्रीप्रेसचा अभ्यासक्रम नव्हे.

पहिली पायरी: अभ्यासक्रम शोधण्यापूर्वी काम पाहून घ्या

एका फाइलचा प्रवास पाहू. ग्राहकाकडून पीडीएफ येते. ती उघडल्यावर प्रथम तपासणी होते, जिला व्यवसायात प्रीफ्लाइट म्हणतात. फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत आहेत का, चित्रांचे रेझोल्यूशन पुरेसे आहे का, एखादे चित्र आरजीबीमध्येच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) राहून गेले आहे का, कागद कापताना कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून चहूबाजूंनी साधारण ३ मिलिमीटरचे ब्लीड सोडले आहे का, हे सर्व पाहिले जाते. त्यानंतर ट्रॅपिंग येते. यंत्रावर कागद केसभर जरी सरकला तरी दोन रंगांच्या सीमेवर पांढरी फट दिसते, म्हणून फिकट रंग गडद रंगाखाली किंचित पसरवून ठेवतात. मग पाने मोठ्या कागदावर अशा क्रमाने मांडायची असतात की घड्या घातल्यावर ती वाचनाच्या क्रमाने यावीत. यालाच इम्पोझिशन म्हणतात. त्यानंतर प्रूफ, ग्राहकाची मंजुरी, रिप आणि शेवटी प्लेट. रिप ही प्रणाली संगणकीय पान ठिपक्यांच्या जाळीत रूपांतरित करते आणि प्रत्येक शाईसाठी स्वतंत्र प्रतिमा बनवते.

इम्पोझिशन म्हणजे काय हे समजायला संगणक लागत नाही. एक कोरा कागद घ्या, त्याला तीन घड्या घाला, न कापता प्रत्येक पानावर १ ते १६ आकडे लिहा आणि कागद पुन्हा उलगडा. आकडे उलटेसुलटे, विखुरलेले दिसतील, परंतु कण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आलेल्या कोणत्याही दोन आकड्यांची बेरीज १७ भरेल. हा सोळा पानी फर्मा. हा प्रयोग केल्यावर ज्याला कागद पुन्हा पुन्हा उलगडून पाहावासा वाटेल, त्याला हे काम बहुधा मानवेल. ज्याला कंटाळा येईल त्याने ग्राफिक डिझाइनची दुसरी एखादी शाखा पाहिलेली बरी.

कामाची ही सगळी साखळी एकाच खुर्चीत आली, ती फार जुनी गोष्ट नाही. ॲपलचा लेझररायटर प्रिंटर, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि ऑल्डसचे पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर ही तिन्ही १९८५ मध्ये एकत्र आली आणि डेस्कटॉप प्रकाशन सुरू झाले. त्याआधी अक्षरजुळणी करणारा, प्रोसेस कॅमेऱ्यावर रंगविभाजन करणारा, फिल्मवर रिटचिंग करणारा, फिल्म जोडून पान लावणारा आणि प्लेट बनवणारा हे सर्व वेगवेगळे कारागीर होते. १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली, १९९३ मध्ये पीडीएफ आले, आणि १९९५ च्या द्रुपा या जर्मनीतील मुद्रण प्रदर्शनानंतर संगणकावरून थेट प्लेट बनवणारी यंत्रे रूढ होत गेल्याने मधली फिल्मही हळूहळू नाहीशी झाली. जुन्या कारागिरांच्या जागा गेल्या, पण त्यांना जे कळत होते ते आजही कोणाला तरी कळावेच लागते. पदवी घ्यायची ती यासाठी.

आणखी एक तपासणी प्रवेशापूर्वीच करून घ्यावी, ती डोळ्यांची. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळण्याचा दोष पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो आणि पुष्कळांना तो असल्याचे ठाऊकच नसते. इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. रंगांवर निर्णय देणाऱ्या पदांसाठी काही ठिकाणी फार्न्सवर्थ-मुन्सेल चाचणीही घेतात, ज्यात ८५ रंगीत टोप्या छटेच्या क्रमाने लावाव्या लागतात. दोष निघाला म्हणजे क्षेत्राचे दार बंद झाले असे मुळीच नाही. इम्पोझिशन, पॅकेजिंगची रचना आणि स्वयंचलित कार्यप्रणाली ही कामे आकड्यांवर चालतात, रंगाचे मोजमापही यंत्राने होते. मात्र हे आधी कळलेले चांगले.

दुसरी पायरी: पदव्यांची नावे आणि त्यांच्या आतला ऐवज

या शिक्षणाला सर्वत्र एकच नाव नाही, आणि नवख्यांची पहिली फसगत येथेच होते. ढोबळमानाने चार वाटा दिसतात.

पहिली वाट मुद्रण तंत्रज्ञान किंवा ग्राफिक कम्युनिकेशन या नावाने चालणाऱ्या तीन ते चार वर्षांच्या पदव्यांची. यांत छपाईच्या प्रक्रिया, कागद व शाईचे गुणधर्म, रंगविज्ञान, उत्पादन नियोजन आणि खर्चाचा अंदाज हे सारे येते. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठ आणि सॅन लुईस ओबिस्पो येथील कॅल पॉली, कॅनडातील टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ, जर्मनीतील श्टुटगार्टची होखशूले डेर मेडियेन ही या वाटेवरची नावाजलेली ठिकाणे आहेत. प्रत्यक्ष तेथे जाणे जमो वा न जमो, त्यांच्या संकेतस्थळांवरील विषयांच्या याद्या डोळ्यांखालून घालाव्यात. आपल्या समोर आलेला अभ्यासक्रम त्यांच्या शेजारी ठेवला की काय आहे आणि काय नाही, हे चटकन दिसते.

दुसरी वाट ग्राफिक डिझाइन किंवा दृश्यकलेच्या पदवीची, ज्यात प्रीप्रेस हा एखाद-दुसऱ्या सत्राचा विषय असतो. अक्षररचना, मांडणी आणि दृष्टी यांचे शिक्षण येथे चांगले मिळते, पण प्लेट आणि शाई यांच्याशी ओळख जुजबीच राहते. पुढे स्वतः कष्ट घेण्याची तयारी असेल तर ही वाटही चालते. उलट डिझाइनची जाण असलेला प्रीप्रेस तंत्रज्ञ ग्राहकाशी अधिक नेमकेपणे बोलू शकतो.

तिसरी वाट इमेजिंगची. यातही दोन टोके आहेत. एका टोकाला व्यावसायिक छायाचित्रण व रिटचिंगच्या पदव्या, तर दुसऱ्या टोकाला इमेजिंग सायन्स, म्हणजे प्रकाशशास्त्र, संवेदक, गणित आणि प्रतिमासंस्करण. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये इमेजिंग सायन्स हा विषय पदवीपासून पीएचडीपर्यंत शिकवला जातो. गणिताची भीती नसेल आणि पुढे कॅमेरे, स्कॅनर, वैद्यकीय किंवा उपग्रहीय प्रतिमा यांकडे वळायचे असेल तर हे शिक्षण मोलाचे आहे. केवळ फोटोशॉप आवडते म्हणून तेथे गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र पहिल्याच वर्षी घाम फुटतो.

चौथी वाट पदविका आणि उमेदवारीची. जर्मनीत 'मेडियेनगेश्टाल्टर' या नावाचे तीन वर्षांचे प्रशिक्षण आहे, ज्यात उमेदवार कंपनीत काम करतो आणि त्याच काळात व्यावसायिक शाळेतही जातो. प्रीप्रेससारख्या हातच्या कामासाठी ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. जेथे अशी सोय नाही तेथे पदविका घेऊन लवकर कामाला लागणे आणि नंतर पदवी पूर्ण करणे, हाही शहाणपणाचा मार्ग आहे. पदवीचा उपयोग पहिल्या नोकरीपेक्षा तिसऱ्या नोकरीत अधिक होतो, कारण विभागप्रमुख, उत्पादन व्यवस्थापक किंवा रंगतज्ज्ञ अशा पदांवर जाताना ती विचारली जाते.

तिसरी पायरी: माहितीपत्रक मिटून प्रयोगशाळा पाहा

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेत प्रत्यक्ष जाऊन यावे, किंवा निदान तेथे शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावे. संगणक किती आहेत हा प्रश्न विचारू नये, कारण संगणक सगळीकडे असतात. प्लेट बनवण्याचे यंत्र आहे का, ते सुरू आहे का आणि मागच्या सत्रात विद्यार्थ्यांनी त्यावर किती प्लेटा काढल्या, हे विचारावे. रंग मोजण्याचे स्पेक्ट्रोफोटोमीटर कपाटात कुलूपबंद असते की विद्यार्थ्यांच्या हाती येते, हे पाहावे. प्रूफ पाहण्यासाठी डी५० प्रकाशाची पेटी आहे का, हेही विचारावे. आयएसओ ३६६४ या मानकानुसार छापील रंगांची तुलना सुमारे ५००० केल्विनच्या या प्रकाशात करायची असते, आणि ज्या संस्थेत ती खिडकीशी उभे राहून केली जाते, तेथे रंगव्यवस्थापन हा विषय वहीपुरताच शिकवला जात असणार.

विषयांच्या यादीत सॉफ्टवेअरची नावे जितकी जास्त, तितका तो अभ्यासक्रम मला संशयास्पद वाटतो. इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि फोटोशॉप येणे आवश्यकच आहे, पण ती घरी बसूनही शिकता येतात. खर्चाची अडचण असेल तर स्क्रायबस, इंकस्केप आणि गिम्प या मोफत साधनांवर मूलतत्त्वे समजून घेता येतात. संस्थेतच शिकता येण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. निरनिराळ्या कागदांवर एकच चित्र छापून फरक मोजणे, यंत्राचे रंगवर्णन करून आयसीसी प्रोफाइल (त्या यंत्र-कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) तयार करणे, फ्लेक्सो (लवचिक प्लेटांची छपाई) आणि ऑफसेट (रबरी आवरणामार्फत कागदावर उतरणारी छपाई) या दोन्हींसाठी तीच फाइल वेगवेगळ्या तऱ्हेने सिद्ध करणे, चुकलेल्या कामाचे कारण शोधणे, या गोष्टी घरी होत नाहीत. ॲक्रोबॅटसोबत पिटस्टॉपसारखे तपासणीचे साधन, पॅकेजिंगसाठी एस्कोची साधने, आणि प्रिनेक्ट, प्रिनर्जी किंवा अपोजी यांपैकी एखादी कार्यप्रणाली हाताळायला मिळत असेल तर ती जमेची बाजू समजावी.

उद्योगातील प्रशिक्षण अभ्यासक्रमात अनिवार्य आहे की ऐच्छिक, हा शेवटचा प्रश्न, आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा. ते अनिवार्य असेल तर संस्थेला छापखान्यांशी संबंध राखावेच लागतात, आणि पहिली नोकरी पुष्कळदा त्याच संबंधांतून मिळते.

चौथी पायरी: पहिल्या दोन वर्षांत कोणती हिशोबी समज यावी

या व्यवसायात नजर लागते हे खरे, पण नवख्याला तारतात ते आकडे.

चित्राचे रेझोल्यूशन घ्या. फाइलवर '३०० पीपीआय' (इंचाला ३०० पिक्सेल) लिहिलेले असल्याने काहीच सिद्ध होत नाही. ३००० पिक्सेल रुंदीचे चित्र पानावर २५ सेंटिमीटर रुंद लावले तर त्याचे प्रभावी रेझोल्यूशन सुमारे ३०५ येते, आणि डिझायनरने तेच ओढून ५० सेंटिमीटर केले की ते १५२ वर येते. किती पुरेसे, हे छपाईच्या जाळीवर ठरते. ठिपक्यांची जाळी इंचाला जितक्या लाइनची, त्याच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल दर इंचाला असावेत, असा ठोकताळा आहे. चांगल्या आर्ट पेपरवर १५० ते १७५ लाइनची जाळी वापरतात, म्हणून तेथे ३०० चा आग्रह धरला जातो. वर्तमानपत्राची जाळी ८५ ते १०० लाइनची असते, त्यामुळे तेथे २०० पीपीआयचे चित्रही निभावते.

पुढची गोष्ट शाईची. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा (एकत्रितपणे सीएमवायके) हे चारही रंग पूर्ण टाकले तर बेरीज ४०० टक्के होते, आणि इतकी शाई कोणताही कागद पेलत नाही. ती वाळत नाही, मागच्या कागदाला लागते, पातळ कागद असेल तर पलीकडे उतरते. वर्तमानपत्राच्या कागदावर ही बेरीज २४० टक्क्यांच्या आत, तर आर्ट पेपरवर साधारण ३०० ते ३३० च्या आत ठेवतात. ही मर्यादा प्रोफाइलमध्ये बांधलेली असते, म्हणून आरजीबीतून सीएमवायकेमध्ये जाताना योग्य प्रोफाइल निवडणे ही औपचारिकता नसते. ठिपकेही कागदावर फुगतात. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका ऑफसेटवर ६५ टक्क्यांच्या आसपास दिसू शकतो, आणि ही वाढ किती असावी याच्या अपेक्षा आयएसओ १२६४७-२ या मानकाने बांधून दिल्या आहेत.

भिंगातून छापील चित्र एकदा पाहाच. दूरून सलग दिसणारे निळे आकाश निळसर आणि किरमिजी ठिपक्यांच्या फुलोऱ्यात विरघळते. सायन, मॅजेंटा आणि काळा यांच्या जाळ्या एकमेकींपासून ३० अंशांवर, म्हणजे पारंपरिक पद्धतीने १५, ७५ आणि ४५ अंशांवर ठेवतात. पिवळ्यासाठी शून्य उरतो. पिवळा डोळ्याला सर्वांत कमी जाणवतो म्हणून त्याला ही अडचणीची जागा दिली जाते. हे कोन बिघडले की चित्रावर लाटा दिसू लागतात, ज्यांना मोआरे म्हणतात.

पुस्तकाच्या कण्याचा हिशोबही असाच साधा, आणि तरीही वारंवार चुकणारा आहे. २४० पानांचे पुस्तक म्हणजे १२० पत्रे. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असेल तर कणा १२ मिलिमीटर. कागद बदलला आणि मुखपृष्ठाची फाइल कोणी बदलली नाही, की कण्यावरचे शीर्षक वळून दर्शनी बाजूवर येते.

माझी स्वतःची चूक ओव्हरप्रिंटची, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापण्याच्या सूचनेची, होती. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका छापखान्यात एक सूचीपत्र माझ्याकडे आले. डिझायनरने काळ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लावले होते, ते योग्यच होते. नंतर ग्राहकाच्या सांगण्यावरून त्याने एका गडद पट्टीवरील अक्षरे काळ्याची पांढरी केली आणि ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली. पांढरा म्हणजे शाईचा अभाव, आणि अभावाने ओव्हरप्रिंट केले की खालचा रंग जसाच्या तसा राहतो. माझ्या पडद्यावर ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू बंद होता, त्यामुळे पांढरी अक्षरे मला स्वच्छ दिसत होती. यंत्रावर पहिला कागद आला तेव्हा पट्टी होती, अक्षरे नव्हती. यंत्रचालकाने तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि काही न बोलता परत गेला. त्या दिवसापासून कोणतीही फाइल उघडली की मी आधी ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू सुरू करतो आणि मग रंगांच्या प्लेटा एकेक करून पाहतो.

फाइल देवाणघेवाणीची मानकेही याच काळात नीट समजून घ्यावीत. पीडीएफ/एक्स-१ए मध्ये पारदर्शक भाग आधीच सपाट करावे लागतात आणि रंग सीएमवायके किंवा स्पॉट (स्वतंत्र मिसळलेल्या शाईचे) असेच असावे लागतात, तर पीडीएफ/एक्स-४ मध्ये पारदर्शकता जिवंत राहते आणि प्रोफाइलसह आरजीबी चित्रेही चालतात. छापखान्याचा रिप जुना असेल तर पहिले मागितले जाते. कोणते चांगले यावर वाद घालत बसण्यापेक्षा समोरच्या यंत्राला काय झेपते ते विचारावे.

पाचवी पायरी: इमेजिंगकडे कल असेल तर

चित्र मिळवण्याच्या टप्प्यावरची चूक पुढे कोणालाही पुरती दुरुस्त करता येत नाही, म्हणून इमेजिंगच्या विद्यार्थ्याने प्रकाशयोजना आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली संस्कार न झालेली मूळ फाइल) यांवर हुकूमत मिळवावी. ८ बिट चित्रात प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या छटांवर जोरकस दुरुस्ती केली की ८ बिटमध्ये पट्टे उमटतात. रंगावकाशांचाही, म्हणजे एका पद्धतीत किती रंग सामावतात याचाही, विचार हवा. १९९६ मध्ये मांडला गेलेला एसआरजीबी पडद्यांसाठी सोयीचा आहे, पण छपाईत मिळू शकणारे काही निळे-हिरवे रंग त्याच्या बाहेर राहतात, म्हणून मूळ प्रत अडोबी आरजीबीसारख्या मोठ्या रंगावकाशात ठेवतात.

रिटचिंगमध्ये नवख्यांचा कल चेहरे गुळगुळीत करण्याकडे असतो. उद्योगात पैसे मिळतात ते वस्तूचा रंग खरा दाखवण्याचे. कापडाची किंवा रंगाच्या डब्याची छापील छटा आणि प्रत्यक्ष छटा यांत तफावत पडली की माल परत येतो. म्हणून छायाचित्रात २४ चौकोनांची रंगपट्टी ठेवून चित्र घेणे, त्यावरून कॅमेऱ्याचे प्रोफाइल बनवणे आणि दोन रंगांतील अंतर डेल्टा ई या एककात सांगता येणे, ही कौशल्ये अंगी बाणवावीत.

संग्रहालये, ग्रंथालये आणि अभिलेखागारांतील अंकीकरण हा या शाखेचा कमी परिचित पण शांत आणि टिकाऊ भाग आहे. हस्तलिखिते, नकाशे, काचेच्या निगेटिव्ह यांच्या प्रतिमा कोणत्या दर्जाच्या असाव्यात यासाठी अमेरिकेतील 'फॅडगी' आणि नेदरलँड्समधील 'मेटामॉरफोझे' अशा मार्गदर्शक प्रणाली प्रचलित आहेत. त्या वाचलेला उमेदवार मुलाखतीत वेगळा उठून दिसतो.

सहावी पायरी: कामाचा संग्रह

प्रीप्रेसच्या संग्रहात सुंदर पोस्टर नकोत. चुकलेली फाइल, तिच्यातील दोषांची यादी, केलेली दुरुस्ती आणि छापून आलेला कागद, अशी चार-पाच कामे पुरेत. त्यांतले एक पॅकेजिंगचे असावे. पुठ्ठ्याच्या खोक्याची डाय-लाइन (कापणीची रेषा), घडीच्या रेषा, गोंदाची मोकळी जागा आणि बारकोड यांसह ते असावे. ईएएन-१३ बारकोडचा मूळ आकार मोकळ्या कडांसह ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर असतो आणि तो ८० ते २०० टक्क्यांच्या मर्यादेतच लहान-मोठा करता येतो. काही डिझायनर तो शोभेसाठी लाल रंगात टाकतात. बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असल्याने त्याला ती रेघ पांढरीच दिसते. असे एक उदाहरण संग्रहात असले की मुलाखत घेणारा पुढची पाने आपोआप उलटतो.

सातवी पायरी: नोकऱ्या कोठे आहेत

येथे गोड बोलून उपयोग नाही. 'प्रीप्रेस ऑपरेटर' या पाटीच्या जागा घटत आहेत. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या अंदाजांतही प्रीप्रेस तंत्रज्ञांचा व्यवसाय आक्रसणाऱ्या व्यवसायांत मोडतो. वर्तमानपत्रे आणि मासिकांची छपाई कमी झाली आहे, आणि तपासणी, ट्रॅपिंग, इम्पोझिशन ही कामे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर आपणहून करते. फाइल ठरावीक फोल्डरमध्ये टाकली की ती तपासून, मांडून थेट प्लेटच्या रांगेत उभी राहते.

मागणी सरकली आहे ती मुख्यतः पॅकेजिंगकडे. वस्तू विकत घ्यायची तर तिला वेष्टन लागणारच, आणि वेष्टनाची फाइल पुस्तकाच्या फाइलपेक्षा कितीतरी अवघड असते. फ्लेक्सोची प्लेट सिलिंडरभोवती गुंडाळताना ताणली जाते, म्हणून चित्र त्या दिशेने आधीच आखडून घ्यावे लागते. प्लास्टिकच्या पारदर्शक पापुद्र्यावर छापायचे तर खाली पांढऱ्या शाईची स्वतंत्र प्लेट लागते. प्रत्येक ब्रँडचा स्वतःचा स्पॉट रंग असतो आणि तो कागद, पत्रा व प्लास्टिक या तिन्हींवर सारखाच दिसावा असा त्याचा आग्रह असतो. लेबले, लवचिक पिशव्या, नालीदार पुठ्ठा यांची छपाई करणाऱ्या कंपन्या आणि त्यांना प्लेटा पुरवणारे स्वतंत्र प्रीप्रेस स्टुडिओ येथे नवख्यांनी आधी अर्ज करावेत.

याखेरीज कापडावरील डिजिटल छपाई, मोठ्या आकाराचे फलक, ऑनलाइन विक्रेत्यांचे छायाचित्रण स्टुडिओ, प्रकाशनसंस्थांचे उत्पादन विभाग आणि रिप किंवा रंगमापनाची साधने विकणाऱ्या कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग येथेही संधी आहेत. शेवटचा पर्याय फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण ज्याला शिकवता येते आणि प्रवासाचा कंटाळा नाही त्याच्यासाठी तो उत्तम आहे. दोन-चार वर्षांच्या अनुभवानंतर रंगव्यवस्थापन आणि स्वयंचलित कार्यप्रणालीची उभारणी या दोन दिशा खुल्या होतात. दुसरीसाठी जावास्क्रिप्टसारख्या भाषेची थोडी ओळख असावी, कारण इनडिझाइन आणि इलस्ट्रेटर यांना स्क्रिप्ट लिहून कामाला लावता येते. शंभर लेबलांवर शंभर वेगळे मजकूर हाताने भरणारा आणि ते एका स्क्रिप्टने भरणारा यांच्या वाढीचा वेग सारखा राहत नाही.

आठवी पायरी: मुलाखत आणि पहिले सहा महिने

मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा एक पीडीएफ समोर येण्याची शक्यता अधिक असते. 'यात काय चुकले आहे ते सांगा' एवढेच विचारले जाते. अशा फाइलमध्ये ठरलेले सापळे असतात. एखाद्या कोपऱ्यात ब्लीड नसते, बारीक मजकूर चार रंगांच्या काळ्यात असतो, एखादी रेघ रजिस्ट्रेशन रंगात, म्हणजे प्रत्येक प्लेटवर पूर्ण उमटणारी असते, एकाच स्पॉट रंगाची दोन वेगळ्या नावांनी नोंद असते. दोष सांगताना क्रम पाळावा. ज्याने काम वाया जाईल तो आधी सांगावा, ज्याने फक्त दिसणे बिघडेल तो नंतर. काही गोष्टी स्वतःच्या अधिकारात दुरुस्त करायच्या असतात आणि काही ग्राहकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो. मजकुरातील शुद्धलेखनाची चूक ही दुसऱ्या प्रकारातली. ती दिसली तरी स्वतः बदलू नये, लेखी कळवावी. हा भेद उमेदवाराला कळतो का, हेच मुलाखत घेणारा पाहत असतो.

नोकरी लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत शक्य तितक्या वेळा यंत्रापाशी उभे राहावे. आपण तयार केलेल्या कामाची सुरुवात होताना यंत्रचालक कोणत्या शाईची चावी फिरवतो आणि का, हे पाहावे. त्याला एखाद्या फाइलमुळे रोज तीच कसरत करावी लागत असेल तर दोष यंत्रात नसून आपल्या प्रोफाइलमध्ये आहे, हे तो क्वचितच सांगतो, आपणच ओळखायचे असते. प्रत्येक कामाचा मंजूर झालेला एक कागद मागून घ्यावा आणि त्याच्या मागे पेन्सिलने तारीख, कागदाचे नाव व वजन, वापरलेले प्रोफाइल, जाळीची लाइन आणि छपाईत आलेली अडचण लिहून तो सपाट पेटीत, उजेडापासून दूर ठेवावा. तेच काम वर्षभराने पुन्हा छापायला येते तेव्हा ग्राहक त्याच्याकडचा उन्हात फिका पडलेला कागद दाखवून 'मागच्यासारखाच रंग द्या' म्हणतो, आणि त्या वेळी ही पेटी उघडावी लागते.